सतरा मानकरी आणि अठरावा बॉबी

...आणि वर मलाच विचारतात, किल्ली कोणाकडं होती! अहो, किल्ली कोणाकडं होती विचारण्यापेक्षा कोणाकडं नव्हती ते विचारा, यादी लवकर संपेल! तुम्हाला सांगतो, सोमवारची सकाळ, भिवंडीचा धामणकर नाका, समोर कटिंग चहा, हातात मोबाईल, आणि मी आमच्या गावाची वेबसाइट उघडतो... आमचं गाव खारबावच्या पुढं, खाडीच्या अंगाला, दीडशे उंबरा... उघडतो तर काय? जिथं आमच्या ठकुआत्याचा फोटो, नाकात नथ, कपाळाला आडवं कुंकू, तिथं बूट! एक नाही दोन नाही, चाळीस जोड बूट! खाली कुठल्यातरी परक्या भाषेतलं लिहिणं, आणि शेजारी एक गोरी बाई पत्ते पिसत बसलेली! मी चहावाल्याचं फडकं मागून घेतलं, चष्मा पुसला, परत बघितलं. बूटच. आता बुटांचं मला दुःख नाही हो, माणसानं बूट घालावेत... पण त्या फोटोच्या खाली आमच्या लग्नगाण्यांचे एक्केचाळीस धवले होते. आत्याच्या आवाजातले. जगात दुसरीकडं कुठंही नव्हते. ते गेले. आणि कशामुळं गेले? किल्ली खुंटीवर होती म्हणून!

थांबा, हे खुंटीचं आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दामू तरे वेबसाइटचं सांगता सांगता खुंटीवर कुठं चढला. आमच्या गावात पूर्वी कुलूप होतं बरं का, नाही असं नाही. दाराला कुलूप, दाराशेजारी खुंटी, आणि खुंटीवर किल्ली. मग कुलूप कशाला? कोंबड्यांसाठी! कोंबडीला किल्ली लावता येत नाही, माणसाला येते, आणि माणसानं यावंच. आत्या दोन-दोन दिवस परगावी जायची, तर शेजारची राहीबाई किल्ली घेऊन आत दिवा लावायची, कोणी मांजर हुसकवायचं, कोणी अंगणातली सुकट ऊन उतरलं की आत ठेवायचं. एकदा तर वसईकडचे पाहुणे आले, आत्या नाही, त्यांनी किल्ली घेतली, भात शिजवला, जेवले, झोपले, भांडी घासून पालथी घातली, किल्ली टांगली आणि गेले. आत्याला चार दिवसांनी कळलं. रागावली. कशावरून? सुकटीची बरणी फळीवर समोर असताना कोरडा भात खाऊन गेले म्हणून! असं गाव. आता काय... आता त्याच गावात दाराला आतून तीन कड्या आणि वर कॅमेरा. जाऊ दे.

तर ठकुआत्या. माझ्या बापाची थोरली बहीण, आणि पंचक्रोशीतली धवलारीण. धवले म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातली गाणी हो, नुसती गाणी नव्हेत, भटजीच्या आधी धवलारीण! हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर चालायचे, ती देवांना बोलावणार, गावदेवीला बोलावणार, मेलेल्या पणज्या-खापरपणज्यांना नावानं हाका मारणार, ते सगळे मांडवात येऊन बसले की मग लग्न. आत्या पुढं म्हणायची, राहीबाई मागनं उचलायची, पन्नास वर्षं दोघींची जोडी. अंगठा उठवणारी बाई, पण दीड-दीड तासाचा धवला एका दमात, एक नाव इकडचं तिकडं नाही. मग आले डीजे. आणि एकेक करून मांडवातनं आत्याचा पाट उठला. तिनं तक्रार नाही केली. फक्त लग्नाच्या पत्रिका आल्या की सगळ्यांच्या घरी जाऊन विचारायची, हळद कधी हाय, म्हणजे कोणीतरी बोलावेल म्हणून. कोणी बोलवायचं नाही.

मी म्हटलं आत्या, मोबाईलवर गा, मी ठेवून घेतो. तर ती काय म्हणावी? “लगीन न्हाय आनि धवला गाऊ? देव बोलावले नि ते आले, तर बसवू कुठं?” आता यावर तुमच्याकडं उत्तर आहे? लग्न पाहिजे! मग नवरदेव कोण? तुम्हाला सांगतो, वय वर्षं अठ्ठावन्न, लग्नाला तीस वर्षं झालेली, असा मी पाटावर बसलो! दर रविवारी! नवरी म्हणून समोरच्या पाटावर वरवंटा, त्याला पिवळं फडकं गुंडाळलेलं! बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, वरवंटा आहे ना, मग बसा, तेवढीच सवय होईल. आत्या माझ्या गालाला हळद लावायची, दिवा लावायची, आणि मग गायची... आणि गाता गाता मध्येच, “दामल्या, हालू नको, हलद सांडंल,” की परत धवला सुरू! एक्केचाळीस रविवार! एक्केचाळीस वेळा मी पिवळ्या तोंडानं शेअर रिक्षात बसून भिवंडीला परत आलोय! निजामपुऱ्यात ज्या कारखान्यात मी जॉबर होतो, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करायचो मी, तिथले आझमगडचे कारागीर मला नाक्यावर गाठायचे. “चाचा, इस इतवार भी शादी?” मी म्हणायचो, हां बेटा. “चाची कुछ नहीं बोलती?” मी म्हणायचो, कौन सी वाली? काय सांगणार त्यांना वरवंट्याचं!

एक्केचाळिसावा झाला, आणि त्या पावसाळ्यात आत्या गेली. खुंटीवरची किल्ली तशीच राहिली.

आता धवले मोबाईलमध्ये, आणि मोबाईल म्हणतो जागा नाही. तेव्हा आमची सून सुकन्या म्हणाली, पप्पा, वेबसाइट करू, सगळ्या गावाला ऐकता येईल. सुकन्या ऐरोलीला कंपनीत आहे, लोकांच्या वेबसाइटी सांभाळणं हेच तिचं काम, म्हणजे घरात डॉक्टर असताना आम्ही अंगारा लावत बसलो होतो, ते पुढं येईलच. ती म्हणाली सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपन सोर्स, फक्त कुठलं घ्यायचं ते ठरवा. ठरवा म्हटल्यावर गावकी बसली! गावदेवीच्या देवळात, सतरंजी टाकून, चार आळ्यांचे सतरा मानकरी. मध्ये लडकूभाऊ, माजी सरपंच, वय पंच्याहत्तर. सुकन्यानं तीन नावं सांगितली. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल. लडकूभाऊंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? “कोनाची पोरा ही?”

म्हणजे तुम्हाला सांगतो, स्थळं आल्यासारखी तिघांची चौकशी झाली! मालक कोण? सुकन्या म्हणाली, कोणी एक मालक नाही, जगभरची माणसं मिळून बनवतात. भाऊ म्हणाले, म्हणजे सामाईक विहीर. ती म्हणाली हो, तसंच. मग विहीर साफ कोण करतं? तीच माणसं. किती दिवसांनी? आणि गंमत बघा, सुकन्याचा चेहरा उजळला, म्हणाली, भाऊआजोबा, अगदी हेच विचारायचं असतं! शेवटची दुरुस्ती कधी झाली, भोक सापडलं तर किती दिवसांत बुजवतात, आजूबाजूला माणसं किती, अडलं तर विचारायला कोणी आहे का. मग भावकी कोणाची मोठी, मऊ स्वभावाचं कोण, कडक कोण, आपल्या घरात कोणाचं जमेल... एकजण म्हणाला तिसरं फार हुशार आहे, आपल्याकडं नांदणार नाही. शेवटी एक ठरलं. कुठलं ते सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा पुढच्या कशातही काडीचा दोष नाही. मुलगी चांगली होती हो, सासर वाईट निघालं!

कारण मग निघाला मानपान. सुकन्यानं फळ्यावर लिहिलं, साइटवर पाच दर्जे असतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो, एडिटर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारणारा, ऑथर म्हणजे लिहिणारा, कॉन्ट्रिब्युटर म्हणजे लिहून मंजुरीला देणारा, आणि सबस्क्रायबर म्हणजे नुसतं वाचणारा. ॲडमिनिस्ट्रेटर एक, फार तर दोन ठेवायचे, बाकी सगळे सबस्क्रायबर. झालं! लडकूभाऊंनी चष्मा काढला. “मना नुसता वाचनारा केलास, पोरी? खाडीचा बांध फुटला तवा माजा बाप दोन दिस पान्यान उभा व्हता.” आता बांधाचा आणि वेबसाइटचा संबंध काय? पण त्या क्षणी तो सगळ्यांना दिसला! खालच्या आळीचे म्हणाले, नारळाचा पहिला मान आमचा. भोईर आळी म्हणाली, पालखीचा पुढचा दांडा आमचा. कोणी म्हणालं आमी एडिटर चालंल, पन मग भाऊ पन एडिटर. तुम्हाला सांगतो, सुकन्या त्यांना सुरक्षा समजावत होती आणि ते तिला गाव समजावत होते, आणि दोघंही बरोबर होते! शेवटी निकाल काय? सतराच्या सतरा ॲडमिनिस्ट्रेटर! आणि सुकन्या हळूच मला म्हणाली, पप्पा, हे घराला सतरा दारं पाडल्यासारखं आहे. मी म्हटलं, अगं, पण कोणी उपाशी नाही ना गेलं!

पुढं ऐका. तिनं प्रत्येकाला पासवर्ड दिला. अठरा अक्षरी, मध्ये डॉलर, मध्ये चांदणी. भोईर आळीचा एकजण म्हणाला, ही जनावरा कुठली? कोणाच्या लक्षात राहणार? मग भाऊंनी तोडगा काढला, सगळ्यांना एकच पासवर्ड, गावदेवीचं नाव, देवीच्या नावाला हात लावायची छाती कोणाची आहे? आणि विसरू नये म्हणून तो लिहिला कुठं? देवळाच्या फळ्यावर! खडूनं! पाण्याच्या वेळेच्या खाली! ‘सकाळी सहा ते साडेसात पाणी. पासवर्ड अमुक अमुक.’ म्हणजे किल्ली परत खुंटीवर! सुकन्या दिवाळीला गावात आली, तिनं फळा बघितला आणि देवळाच्या पायरीवर बसलीच. मग म्हणाली निदान एक करा, आत शिरताना मोबाईलवर आकडा येतो, तो टाकल्याशिवाय दार उघडू नये असं करते. बरं म्हटलं. आकडा कोणाच्या मोबाईलवर? मान भाऊंचा! आणि भाऊंचा मोबाईल कुठं असतो माहीत आहे? तांदळाच्या डब्यात! एकदा खाडीत पडला होता, कोणीतरी सांगितलं तांदळात ठेवा, बरा होईल, बरा झाला, तेव्हापासून भाऊ तो तांदळातच ठेवतात, परत आजारी पडायला नको म्हणून! आकडा यायचा, तांदळात विरायचा. आठ दिवसांत तेही बंद केलं.

आणि आता माझं पाप सांगतो, कारण नुसतं दुसऱ्यांचं सांगितलं तर आत्या वरून चपला फेकेल. सुकन्या दर महिन्याला म्हणायची, पप्पा, अपडेट आलंय, पाच मिनिटं लागतील, घेऊ? आणि मी चौतीस वर्षं लूमवर काढलेला माणूस! लूमवाल्याचा पहिला नियम काय? चालत्या लूमला हात लावायचा नाही! चालतोय ना? मग लांब उभा राहा! एक बोल्ट आवळायला जावं आणि ताण्याचे सगळे उभे धागे तुटून हातात यावेत, असं मी डोळ्यांनी बघितलंय. मला वाटायचं, हिनं हात लावला आणि आत्याचा एखादा धागा तुटला तर? म्हणून मी म्हणायचो, नको गं, चालतंय ना. चौदा महिने. चौदा महिने मी त्या साइटला हात लावू दिला नाही, प्रेमानं हो! आणि बॅकअप? तो होता की! त्याच साइटच्या आतल्या खोलीत! अहो, आत्या अडाणी बाई, पण बियाण्याचा भात कधी खायच्या कणगीत नाही ठेवला तिनं. अर्धं बियाणं राहीबाईकडं, राहीबाईचं अर्धं आत्याकडं. एका घरात घूस लागली तर दुसऱ्या घरातलं उगवेल. हे मला लहानपणापासून माहीत! आणि मी काय केलं? मोबाईलमधले धवले पुसून टाकले. साइटवर आहेत ना, म्हटलं.

तर ती सोमवारची सकाळ. नाक्यावरून सुकन्याला फोन लावला, ती ऑफिसात. तिनं साइट उघडली, मालकांची यादी काढली आणि मला म्हणाली, पप्पा, मालक सतरा ना? हे अठरा आहेत. अठरावा बॉबी. बॉबी आणि पुढं सत्त्याहत्तर. हा बॉबी कोण? मी म्हटलं भोईर आळीतला असेल कोणी. भोईर आळीत फोन लावला, ते म्हणाले, आमी समजलो खालच्या आळीवाल्यांच्या सोनाल्याचा जावय. खालच्या आळीला विचारलं, ते म्हणाले, आमी समजलो भाऊंचा भाचा. दोन महिने! दोन महिने बॉबी यादीत बसलेला सगळ्यांनी बघितला आणि एकानं विचारलं नाही! का विचारणार? लग्नाच्या मांडवात अनोळखी माणूस दिसला तर तुम्ही विचारता, बाबा तू कोणाकडचा? मुलाकडचे समजतात मुलीकडचा, मुलीकडचे समजतात मुलाकडचा, आणि तो दोन पंगतींत जेवून, मुखात विडा घालून निघून जातो! विचारलं आणि खरंच जावई निघाला तर? जन्माचं वैर! कोण हात घालणार त्यात?

मी सुकन्याला म्हटलं, बाई, बूट असू देत, बॉबी असू दे, धवले तेवढे काढ. तिनं आधी आत शोधून बघितलं. मग म्हणाली, जिथं साइट ठेवतो त्या लोकांकडं सात दिवसांपर्यंतचा बॅकअप असतो. मी म्हटलं, मग झालं तर. ती म्हणाली, पप्पा, धवले पुसून पंधरा दिवस झालेत.

पंधरा दिवस. तुम्हाला कळलं का त्याचा अर्थ? पंधरा दिवस त्या गावातल्या सतरा मालकांपैकी एकानंही साइट उघडली नव्हती. आत्याला एकानंही ऐकलं नव्हतं. जिनं हळद कधी हाय म्हणून दारोदार विचारलं, तिचा पाट आम्ही दुसऱ्यांदा उठवला, आणि या वेळी डीजेचं नाव घ्यायची पण सोय नाही. मीसुद्धा उघडली नव्हती. आहे ना, म्हणून. असलेल्या माणसाकडं कोण बघतंय! नाक्यावर एवढी गर्दी, रिक्षावाले ओरडतायत, आणि मी चहाच्या टपरीवर तोंडावर ते फडकं धरून रडलो. चहावाला म्हणाला, “चाचा, मिर्ची पोंछा है उससे.” म्हणजे रडायचं कारणही धड माझं राहिलं नाही.

रविवारी गावकी बसली, लडकूभाऊंच्या पडवीत. आणि पहिला प्रश्न तोच, किल्ली कोणाकडं होती? जो तो दुसऱ्याकडं बघतोय. मग एकाला सुचलं, की साइट कोणी केली, तरे यांच्या सुनेनं, म्हणजे जबाबदारी कोणाची? सगळ्या माना सुकन्याकडं वळल्या. ती बिचारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. जिनं चौदा वेळा दार लावू का विचारलं, तिच्यावरच चोरीचा आळ! मी उठलो. आयुष्यात गावकीत मी कधी उठून बोललो नव्हतो. म्हटलं, “पोरीला बोलू नका. ती दर महिन्याला दार लावायला येत व्हती. मी लावू दिला न्हाय.” बोललो आणि बसलो.

आणि कोणी काही बोलणार इतक्यात... घरातनं आत्याचा आवाज आला. शप्पथ सांगतो. दबका, लांबनं आल्यासारखा, पण आत्याच! गावदेवीला हाक घातली तिनं, मांडवाला ये म्हणून... आणि धवल्याच्या मध्येच, “दामल्या, हालू नको, हलद सांडंल.” सतरा मानकरी जागच्या जागी. राहीबाईनं पदर तोंडाला लावला. मी तर हललोच नाही, सांगितलं होतं ना तिनं! आणि आवाज बंद.

तांदळाचा डबा! भाऊंचा मोबाईल! कोणत्यातरी कंपनीच्या मुलीनं विमा घेता का विचारायला फोन केला होता, आणि भाऊंच्या नातीनं कधीतरी साइटवरून आत्याचा तुकडा काढून रिंगटोन लावून दिलेली. तेवीस सेकंद. एक्केचाळीस धवल्यांतले तेवीस सेकंद, तेही तांदळात राहिले म्हणून राहिले. भाऊ डबा घेऊन पडवीत आले, मध्ये ठेवला, आणि मला म्हणाले, “दामू, फोन लाव मना.” मी लावला. आत्या बोलली. मग भोईर आळीनं लावला. मग खालच्या आळीनं. तुम्हाला सांगतो, सतरा मोबाईल, पाळीपाळीनं, मानाच्या क्रमानं बरं का, तिथंही, समोर बसलेल्या माणसाला फोन लावतोय, आणि तो उचलत नाहीये, आणि सगळे डब्याभोवती मान खाली घालून ऐकतायत. अर्धा तास. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, गाव खुळं झालं. झालंच होतं.

मग राहीबाई बोलली. ऐंशीला टेकलेली, कोपऱ्यात खांबाला पाठ लावून. “एक्केचालीस बोलता ना? एक्केचालीस न्हाय. बेचालीस हायेत.” सगळे बघायला लागले. म्हणाली, शेवटचा पाठवणीचा, तो ठकुनं दामूच्या टायमाला गायलाच न्हाय, नवरी कुठं जातेच न्हाय तर पाठवनी कशाची? मी म्हटलं, राहीबाय, तुला सगळे येतात? तर माझ्याकडं असं बघितलं तिनं, जसं मी तिला भात शिजवता येतो का विचारलं. “पन्नास वरसा तिच्या मागनं उचलला. अर्धा बियाना माज्याकडं हाय, तुना ठावा न्हाय?”

मला खरोखर ठाऊक नव्हतं. आत्याच्या शेजारची बाई. कोणी विचारलंच नव्हतं तिला.

मी म्हटलं, मग गा, मोबाईल चालू करतो. ती म्हणाली, लगीन कुठं हाय? देव आले तर बसतील कुठं? आणि सतरा मानकरी, सुकन्या, भाऊंची नात, सगळे... सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं अहो, एकसष्ट पूर्ण आहेत मला! भाऊ म्हणाले, “नवरी ना म्हनते का?”

वरवंटा कशाला ना म्हणेल हो!

आता सगळं नीट आहे. सुकन्यानं घर झाडून काढलं, नवं टाकलं, दार आकड्याशिवाय उघडत नाही, आकडा तिच्या मोबाईलवर, तांदळात नाही. अपडेट दर मंगळवारी, मी तेवढा वेळ गॅलरीत उभा राहतो, बघवत नाही मला. बियाणं तीन ठिकाणी, एक साइटवर, एक तिच्याकडं, एक पेनड्राइव्ह राहीबाईच्या कुंकवाच्या पेटीत. ॲडमिनिस्ट्रेटर फक्त एक. आणि मानपान? अहो, पोरगी हुशार! त्या सॉफ्टवेअरात म्हणे दर्जाचं नाव बदलता येतं. तिनं सगळ्यांना सबस्क्रायबर केलं आणि सबस्क्रायबरचं नाव ठेवलं ‘मानकरी’! नुसतं वाचायचं आणि ऐकायचं, दुसऱ्या कशाला हात नाही, पण पडद्यावर नाव येतं ‘मानकरी लडकू पाटील’. सगळे खूश. आणि ऐकतात हो आता, मानकरी म्हटल्यावर ऐकावं लागतं. मीही मानकरीच. माझ्याच आत्याच्या साइटचा पासवर्ड मला माहीत नाही. मी विचारला, तर सून म्हणाली, पप्पा, तुमचं काम पाटावर बसायचं. हालायचं नाही.

बारा रविवार झालेत, तीस राहिलेत. परवा शेअर रिक्षात तोच आझमगडचा मला पिवळ्या तोंडाचा बघून हात जोडून म्हणाला, “चाचा, अब तो बस करो.” काय बस करो! येत्या रविवारी माझं लग्न आहे, तेरावं, तुम्ही सगळ्यांनी यायचं, खारबावला उतरून कोणालाही विचारा, ठकुआत्याचं घर. मी हळदीला राहीबाईकडं असेन, घर बंद दिसेल, पण दारात ताटकळू नका... किल्ली खुंटीवर आहे, आणि सुकटीची बरणी फळीवर!